सव्वा मुलाची चाचणी

ही गोष्ट १९७४ सालची. त्या वर्षी जगात पुष्कळ मोठमोठ्या घडामोडी झाल्या असतील. पण त्या पाच मजली इमारतीतल्या माणसांना विचाराल, तर त्यांच्या लेखी ते साल दोनच गोष्टींचं. एक, इमारतीची लिफ्ट अकरा महिने बंद होती. आणि दोन, ती ज्यांनी बंद केली त्यांना मूल हवं होतं.

लिफ्ट बंद करणारे गृहस्थ सरकारी लिफ्ट तपासनीस होते आणि त्याच इमारतीत अगदी वरच्या, पाचव्या मजल्यावर राहत. एका सकाळी त्यांनी लिफ्टचा पोलादी दोर तपासला, त्यातल्या काही तारा तुटलेल्या मोजल्या, दाराला लाखेचं सील ठोकलं आणि हातात भाजीची पिशवी घेऊन पाच जिने चढून घरी गेले. स्वतःच्या घरची लिफ्ट स्वतःच्या हाताने बंद करणारा माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. शेजाऱ्यांनी त्यांना ‘लिफ्टसाहेब’ हे नाव दिलं, ते काही कौतुकाने नव्हे.

साहेबांची बायको दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून शेकडो लोकांचं चिडणं गोड आवाजात ऐकून घ्यायची तिला सवय होती, म्हणूनच हा संसार चालला, असं लोक म्हणत. तिला सगळी इमारत वहिनी म्हणे. तळमजल्यावरचे सत्तरीचे हेडमास्तरसुद्धा वहिनीच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि मूल झालं नव्हतं. मग डॉक्टर झाले, औषधं झाली, ज्याने त्याने सुचवलेले उपाय झाले. त्या भागात आपण शिरायला नको. तो भोगणाऱ्यालाही कंटाळवाणा असतो. शेवटी एक दिवस वहिनी मुलांच्या संस्थेत जाऊन दत्तकाचा फॉर्म घेऊन आली. फॉर्म देताना तिथल्या बाईंनी नियम सांगितला, की नवऱ्याला पंचेचाळीस पूर्ण झाली की दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही. साहेबांना पंचेचाळीस पूर्ण व्हायला चाळीस दिवस उरले होते.

परतताना संस्थेच्या लांब ओसरीत वहिनीला एक वर्षाची मुलगी दिसली. ती चटईवर बसली होती. एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा ती टोपीसारखा डोक्यात घालू पाहत होती. वहिनी थबकली, तेव्हा मुलीने काम थांबवून तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं एखाद्या अंमलदाराने फायलीतून मान वर करून ‘काय पाहिजे?’ म्हणावं. वहिनी ओशाळून पुढे गेली. दोन दिवस तिने नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी भात वाढता वाढता डोळे भरून आले, तेव्हा सांगितलं. साहेबांनी उठून हात धुतले आणि ते फॉर्म लिहायला बसले.

सोळा प्रश्न साहेबांनी मोत्यासारख्या अक्षरात सोडवले. सतराव्याशी गाडं अडलं. सतरावा प्रश्न होता : ‘आपणांस मूल का हवे आहे? कारण सविस्तर द्यावे.’ खाली चार ओळी जागा.

“लिहा, आवड आहे म्हणून,” वहिनी म्हणाली.

“आवड म्हणून लोक कबुतरं पाळतात. हे सरकारी कागद आहेत, अगं.”

“मग लिहा, घर रिकामं वाटतं.”

“तर ते म्हणतील, कपाट घ्या.”

आता इथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्यांना मुलं आपसूक होतात त्यांना हा प्रश्न कोणीही विचारत नाही. त्यांनाही आधी चार ओळींत कारण देण्याची सक्ती केली असती, तर मनुष्यजात केव्हाच आटोपली असती. पण साहेबांना वाटलं, ज्यांना मुलं आहेत त्यांना कारण ठाऊक असणारच. त्यांनी वही घेतली आणि वहिनीला बरोबर घेऊन वरून खाली एकेक दार वाजवायला सुरुवात केली.

चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई नुकत्या कामावरून आल्या होत्या. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, इमारत तिला ठिणगी म्हणे. “का झाली म्हणजे?” नर्सबाई पायातले बूट काढत म्हणाल्या. “साहेब, मी आठ तास उभी होते. असले प्रश्न बसलेल्या माणसाला विचारा.”

दुसऱ्या मजल्यावर शिंपीणकाकू मशीनवर बसलेल्याच होत्या. तोंडात टाचण्या धरून त्या म्हणाल्या, “पहिला सासूबाईंना हवा होता. दुसरी पहिल्याला सोबत म्हणून. तिसऱ्याचं मला काही विचारू नका.” एवढं बोलून त्या अशा लाजल्या, की साहेबांनी वहीत तिसऱ्याची ओळ कोरी सोडली.

हेडमास्तरांना चार मुलगे. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. “म्हातारपणची काठी, असं म्हणण्याची पद्धत आहे,” ते म्हणाले.

“तर तर!” आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “चार काठ्या चार गावांना. आणि हे भिंत धरून चालतात.”

“मग पुन्हा जन्म मिळाला तर नको का म्हणाल, काकू?” वहिनीने विचारलं.

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने उत्तर आलं, “पाचवी मुलगी मागेन.”

घरी येऊन साहेबांनी वही मिटली. तेरा पालक, एकही कारण नाही. आणि गंमत अशी, की एकही तक्रार मागे घ्यायला तयार नाही आणि एकही मूल परत द्यायला तयार नाही. “असं खातं चालूच कसं शकतं?” असं स्वतःशी पुटपुटत ते येरझाऱ्या घालू लागले. मग एकदम थांबले. ते असे थांबले, की आता काहीतरी नवं निघणार हे वहिनीने ओळखलं.

“चाचणी घ्यायला हवी,” साहेब म्हणाले. “बावीस वर्षांत मी चाचणीशिवाय कशावरही सही केलेली नाही. आठ माणसांच्या लिफ्टला परवाना द्यायचा तर दहा माणसांचं वजन घालून बघतात. सव्वापट. आपल्याला एक मूल हवं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे सव्वा मुलाची चाचणी घ्यावी लागेल.”

वहिनीने तेरा वर्षांत नवऱ्याला अनेकदा मनातल्या मनात हात जोडले होते. या वेळी प्रत्यक्ष जोडले. पण साहेबांचा हिशेब तयार होता. ठिणगी पूर्ण दिवस, म्हणजे एक मूल. शिंपीणकाकूंचा आठ महिन्यांचा नातू सहा तास, म्हणजे दिवसाचा चौथा भाग, म्हणजे पाव मूल. नर्सबाई म्हणाल्या, “एकच दिवस? आठवडाभर ठेवा की.” शिंपीणकाकूंनी नातवाबरोबर सात लंगोट, दोन बाटल्या आणि एक सूचना दिली : “चावतो.” या नातवाला सगळे गोळा म्हणत. तो दिसायचाच तसा.

रविवारी सकाळी दहाला चाचणी सुरू झाली. ती खऱ्यासारखी व्हावी म्हणून साहेबांनी ठिणगीला समोर उभं करून सांगितलं, “आज दिवसभर आम्हाला आई-बाबा म्हणायचं. विसरायचं नाही.” या एका वाक्याने पुढे काय रामायण घडवलं, ते ऐका.

पहिल्या तासात ठिणगीने एकसष्ट प्रश्न विचारले. साहेबांनी मोजले होते. मुंग्या झोपतात का, कोपराला कोपर का म्हणतात, तुम्ही मेल्यावर तुमचा चष्मा मला मिळेल का. बारा वाजता गोळा आला, आल्या आल्या साहेबांना दोनदा चावला आणि त्यांच्याकडे बघून इतका निर्मळ हसला, की साहेबांनी तिसऱ्यांदा बोट आपणहून पुढे केलं. एक वाजता भरवण्याचा कार्यक्रम झाला. वरणभात गोळ्याच्या पोटात किती गेला ते सांगता येत नाही, पण साहेबांच्या कानात, खिशात आणि चष्म्याच्या आतल्या बाजूला गेला. ते अंग धुवायला बाथरूममध्ये शिरले आणि आतून खिट्टी ओढली. खिट्टी सुटून त्यांच्या हातात आली. आत राहिलेला तुकडा दारात असा रुतला, की दार हलेना. जगभराच्या दारांची सुरक्षा तपासणारे साहेब स्वतःच्या बाथरूममध्ये अडकले.

वहिनी कुलपवाल्याला आणायला गोळ्याला काखेत मारून पाच जिने उतरली. साहेबांनी आतून ठिणगीला बजावलं, “दाराशीच बस. कुठे जाऊ नको.” ठिणगी बसली.

आणि नेमक्या त्याच वेळी संस्थेच्या पाहणीबाई आल्या. दिवस उलटत होते म्हणून वहिनीने सतरावा प्रश्न कोरा ठेवूनच फॉर्म देऊन टाकला होता, आणि अर्ज केलेल्या जोडप्याचं घर न कळवता पाहायचं, असा नियम होता. बंद लिफ्टमुळे त्या पाच जिने चढून आल्या होत्या. धाप लागलेली, पदर सुटलेला. दार उघडंच होतं.

“घरात कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“मी आहे आणि बाबा आहेत,” ठिणगी म्हणाली. “बाबा बाथरूममध्ये आहेत. दीड तास.”

“बाबा? कोणाचे बाबा?”

“माझेच की! आई बाळाला घेऊन गेलीय.”

पाहणीबाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं : अपत्य नाही.

तेवढ्यात वहिनी वर आली. केस विस्कटलेले, खांद्यावर गोळ्याने ओकलेलं दूध, काखेत गोळा. पाहणीबाईंना ओळखताच ती घाईघाईने म्हणाली, “बाई, तुमचा गैरसमज होतोय! ही मुलं माझी नाहीत!”

गोळ्याने त्याच क्षणी भोकाड पसरलं.

“आई, असं काय गं बोलतेस!” ठिणगी म्हणाली. तिला दिलेलं काम ती चोख बजावत होती.

बाथरूममधून साहेबांचा खणखणीत आवाज आला : “घाबरू नका, ही फक्त चाचणी आहे! सहा वाजता परत देणार आहोत!”

पाहणीबाईंनी कागद पिशवीत घातला आणि जिना उतरल्या. चढण्यापेक्षा उतरताना त्यांना फारच कमी वेळ लागला.

कुलपवाला दुकानात सापडला नव्हता, म्हणून वहिनी गोळ्याला घेऊन पुन्हा खाली गेली आणि साडेचारला त्याला घेऊन आली. साहेब बाहेर आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या चार बोटांची नखं लालभडक रंगलेली होती.

“हे काय?” वहिनीने विचारलं.

“काही नाही,” साहेब म्हणाले आणि हात खिशात घातला.

सहा वाजता शिंपीणकाकू गोळ्याला घेऊन गेल्या. चाचणी तिथेच आटोपती घेतली; सातला नर्सबाई ठिणगीलाही घेऊन गेल्या. घर पुन्हा होतं तसं झालं. वहिनीने भांडी घासली आणि बाहेरच्या खोलीत येऊन पाहिलं, तर साहेब फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. हा माणूस फरशीवर बसलेला तिने कधी पाहिला नव्हता. “उठा,” ती म्हणाली. “उठतो,” ते म्हणाले आणि बसूनच राहिले.

मंगळवारी संस्थेचं पत्र आलं. अर्जदारांना दोन अपत्ये असून ती लपवली आहेत, सबब अर्ज निकालात काढण्याचा विचार आहे. हरकत असल्यास अपत्य नसल्याचा दाखला घेऊन पुढच्या गुरुवारी समितीसमोर हजर राहावे. त्या गुरुवारनंतर समिती दीड महिना बसणार नव्हती. आणि साहेबांच्या पंचेचाळिशीला राहिले होते एकोणीस दिवस.

जन्मनोंदणीच्या कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने वहिनीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, मूल असल्याचा दाखला इथे मिळतो,” तो म्हणाला. “नसल्याचा नाही मिळत.”

“पण नाहीच आहे हो मूल!”

“ते मला मान्य आहे. पण जन्मलेल्यांच्याच नोंदी ठेवताना माझी कंबर मोडते. न जन्मलेल्यांच्या ठेवायला बसलो तर वही कुठवर न्यायची?”

“मग माणसाने काय करायचं?”

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? एखादं होऊ द्या. मग त्याचा दाखला चटकन देतो.”

तेरा वर्षांत असंख्य आवाजांना गोड उत्तरं दिलेली वहिनी त्या दिवशी खिडकीवर डोकं टेकून रडली. कारकून इतका घाबरला की त्याने तिला स्वतःच्या पेल्यातलं पाणी दिलं. पण दाखला दिला नाही.

ही बातमी एका दुपारीत पाचही मजल्यांवर पोचली. लिफ्ट बंद केल्यापासून साहेबांशी धड कोणी बोलत नव्हतं, आणि साहेब कोणाकडे काही मागणाऱ्यांतले नव्हते. तरी गुरुवारी सकाळी नवराबायको खाली उतरली, तेव्हा फाटकाशी हेडमास्तर कोट घालून उभे होते. शेजारी त्यांची पत्नी, शिंपीणकाकू, काखेत गोळा, आणि गणवेशातल्या नर्सबाई ठिणगीचा हात धरून.

“तुम्ही कुठे?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हाला मूल नाही हे सांगायला,” हेडमास्तर म्हणाले. “आम्हाला जिने चढायला लावलेत त्याचा हिशेब नंतर. चला.”

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसली होती. मधल्या अध्यक्षबाईंचे केस पांढरे होते आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पाहणीबाईंनी अहवाल वाचला : “‘पती न्हाणीघरात स्वतःस कोंडून घेऊन बसले होते. पत्नीने पोटच्या मुलांना ओळखण्यास नकार दिला. मुले सहा वाजता परत देणार, असे आतून सांगण्यात आले.’”

मग साक्षी झाल्या. शिंपीणकाकू म्हणाल्या, “बाई, यांच्या घरात भिंतीवर एक रेघ नाही, चादरीवर एक डाग नाही. मूल असतं तर असं राहिलं असतं का? हा गोळा माझा. चावायला सांगू का?” हेडमास्तरांनी बाणेदार भाषण सुरू केलं, पण त्यांच्या पत्नीने कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

अध्यक्षबाईंनी ठिणगीला जवळ बोलावलं. “हे तुझे बाबा?”

“नाही. हे चाचणीचे बाबा.”

“कसे आहेत?”

ठिणगीने विचार केला. “भरवता येत नाही. गोष्ट येते, पण एकच, लिफ्टची. बाथरूममध्ये ते घाबरले होते.”

“मी घाबरलो नव्हतो,” साहेब म्हणाले. “ती रडत होती.”

“मी नव्हते रडत! ते घाबरले म्हणून मी म्हटलं, बोटं दाराखालून बाहेर काढा. मग मी आईच्या बाटलीतला रंग लावला. हळूहळू लावला. ते हललेच नाहीत.”

“किती वेळ?”

“कुलपवाला येईपर्यंत.”

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे पाहिलं. “हात खिशातून काढा.”

साहेबांनी हात काढला. अकरा दिवस झाले होते. चारही नखांवरचा रंग कडेने उडाला होता, पण होता. त्या नखांनी साहेब अकरा दिवस कचेरीत सह्या करत होते, लिफ्टवाल्यांचं दबकं हसू ऐकत होते. वहिनीने घासून काढायला सांगितलं तर ‘नको’ एवढंच म्हणत होते.

“पुसला का नाहीत?”

“आपसूक जाईपर्यंत पुसायचा नाही, असा शब्द दिलाय तिला,” साहेब म्हणाले. “दाराखालून.”

मग अध्यक्षबाईंनी फॉर्म उलटला. “तुमचा सतरावा प्रश्न कोरा आहे.”

एवढं सगळं होऊन त्या चार ओळी राहूनच गेल्या होत्या.

साहेब उभे राहिले. “बाई, मला कारण सापडलं नाही,” ते म्हणाले. “तेरा पालकांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. चाचणी घेतली, तिच्यात मी नापास झालो. लिफ्ट असतो तर स्वतःला सील ठोकलं असतं. पण एक गोष्ट नोंदवायची राहिली.” ते थांबले. “वजन ठेवलं की यंत्र थोडं खाली बसतं. काढलं की वर येतं. बावीस वर्षं मी हेच बघत आलोय. त्या रविवारी सातला आमच्यावरचं वजन काढून नेलं, आणि मी खाली बसलो. उठता येईना. वजन काढल्यावर खाली बसणारं यंत्र मी आजवर पाहिलं नाही. ते कसं चालतं मला माहीत नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.”

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिली. तेरा वर्षं हा माणूस आपल्याला पाठ आहे असं तिला वाटत होतं.

अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि कोऱ्या चार ओळींत स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले : ‘कारण ऐकले.’ खाली सही केली. पाहणीबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

पंचेचाळिशीला पाच दिवस राहिले असताना वहिनी आणि साहेब ओसरीतल्या त्या मुलीला घरी घेऊन आले. साहेब तिला छातीशी धरून पाच जिने चढले. प्रत्येक मजल्यावर दार उघडून माणसं उभी होती. मुलगी एकेका चेहऱ्याकडे नीट निरखून बघत वर गेली, जणू इमारत घ्यायची की नाही हे तिलाच ठरवायचं होतं.

लिफ्ट पुढच्या वर्षी सुरू झाली. हेडमास्तर तळमजल्यावर राहत, त्यांना तिची कधीच गरज नव्हती. तरी रोज संध्याकाळी ते पाचव्या मजल्यावर जात आणि मुलीला पाढे म्हणून दाखवत. एकोणऐंशी साली ते गेले. त्यांच्या पत्नीने पाचवी मुलगी मागितली की नाही ते कळायला मार्ग नाही, पण आपली बोरमाळ तिने जाताना या पोरीला दिली. शिंपीणकाकूंनी डोळ्यांनी साथ दिली तोवर तिचे सगळे झगे शिवले. तिसऱ्याची गोष्ट मात्र अखेरपर्यंत सांगितली नाही. पाहणीबाई निवृत्त होईपर्यंत घरं पाहत राहिल्या, पण दारात मूल दिसलं की आधी ‘हे कोणाचं?’ असं विचारूनच कागद काढत. गोळा सहा फूट उंच झाला आणि दातांचा डॉक्टर झाला. आता चावत नाही, असं त्याची बायको सांगते. ठिणगी वकील झाली; आपण पहिली साक्ष पाचव्या वर्षी दिली आणि खटला जिंकला, हे ती अजून अशिलांना ऐकवते.

साहेब अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यानंतर सोळा वर्षं जगले. त्यांना भरवायला शेवटपर्यंत आलं नाही.

मुलगी गुराढोरांची डॉक्टर आहे. तिने स्वतः मूल होऊ दिलं नाही. कोणी का म्हणून विचारलं, तर तिच्याआधी वहिनीच उसळून म्हणते, “का म्हणजे? कारण लागतं का त्याला?” वहिनी आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि मुलीकडेच राहते. रविवारी दुपारी मुलगी जरा आडवी होते. थोड्या वेळाने काठीचा आवाज येतो, मग थांबतो. म्हातारी दारात उभी राहून तिच्या छातीकडे एकटक बघत असते. एक्कावन्न वर्षांची ती डॉक्टरीण डोळे मिटूनच म्हणते, “चालू आहे गं श्वास. जा, तू पण पड जरा.”

म्हातारी ‘हो’ म्हणते, आणि आणखी थोडा वेळ उभी राहते.